स्टुटगार्ट की हॅम्बुर्ग? आधी ताटात काय येतं ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून जर्मनीला जायचं आहे, नोकरीच्या दोन ऑफर हातात आहेत, एक स्टुटगार्टची, एक हॅम्बुर्गची. बायको शाकाहारी, अंडं चालतं. तुम्ही मासे, कोंबडी, डुक्कर खाता, पण बीफ नको. मुलगा सहा वर्षांचा. आणि जो तो सांगतोय की जर्मन जेवण म्हणजे सॉसेज, बटाटा नि बिअर, चव शून्य. तेव्हा बॅगेत मसाला किती भरायचा?

मसाल्याचं शेवटी सांगतो. आधी ‘जर्मन जेवण’ हा शब्द बाजूला ठेवा. सावजी आणि मालवणी एकाच वाटीत ओतून त्याला ‘महाराष्ट्रीयन करी’ म्हणणाऱ्याकडे आपण जसं बघतो, तसाच स्टुटगार्टचा माणूस बघतो, जेव्हा कुणी त्याला हॅम्बुर्गकडच्या लाब्सकाउस या पदार्थाबद्दल विचारतं. बाहेरच्यांच्या डोळ्यासमोर जे ताट येतं (डुकराची भाजलेली तंगडी, लिटरचा बिअरचा मग, चामड्याची अर्धी चड्डी) ते बव्हेरियाचं, आणि तिथलंही सणासुदीचं. तुमच्या दोन्ही शहरांत रोज असलं काही कोणी खात नाही.

‘बेचव’ हा शेराही अर्धाच खरा. तिखट नाही, हे मान्य. पण आंबट, खारट, धुरकट आणि नाकात जाणारं भरपूर आहे. मेररेटिश नावाचा मुळ्यासारखा कंद किसून देतात, त्याचा झणका मिरचीसारखा जिभेवर बसत नाही, थेट नाकातून डोक्यात जातो. मोहरीही तशीच. मसाल्यात माजोराम नावाचा पाला, जुनिपरची फळं, तेजपत्ता, आणि क्युमेल. इथे एक चूक हमखास होते: क्युमेल म्हणजे जिरं नाही, ते विलायती जिरं. दिसायला तसंच, वास वेगळा. आपलं जिरं हवं तर पाकिटावर ‘क्रॉइट्सक्युमेल’ लिहिलेलं शोधा. क्युमेलची फोडणी घातलेली आमटी फेकूनच द्यावी लागते.

आता स्टुटगार्ट. हा श्वाबेन प्रांत, आणि शाकाहारी माणसासाठी, विशेषतः अंडं चालणाऱ्यासाठी, जर्मनीतला बहुधा सगळ्यात सोयीचा. कारण इथला पारंपरिक स्वयंपाक गरिबीतून आलेला, मैदा-अंडं-डाळीचा आहे. रविवारी मांस, बाकी दिवस पिठाचे पदार्थ.

मुख्य पदार्थ श्पेट्झले, म्हणजे अंड्याच्या पिठाच्या आखूड, जाड शेवया. घरी करायला अगदी सोपे, म्हणून प्रमाणासकट सांगतो. ४०० ग्रॅम मैदा (पाकिटावर ‘टाइप ४०५’ लिहिलेला), ४ अंडी, साधारण १५० मिली पाणी, चमचाभर मीठ. लाकडी चमच्याने फेटत राहायचं, पिठात बुडबुडे येईपर्यंत. मग १५-२० मिनिटं झाकून ठेवायचं. चमचा उचलल्यावर पीठ धारेसारखं पडता कामा नये आणि गोळा होऊनही राहता कामा नये. भज्याच्या पिठापेक्षा घट्ट, आणि ओढलं तर ताणलं जाईल इतकं चिवट. मोठ्या पातेल्यात मिठाचं पाणी उकळून आच थोडी कमी करायची आणि श्पेट्झलेच्या प्रेसमधून थेट पाण्यात पाडायचे. प्रेस म्हणजे आपल्या सोऱ्याचा लांब दांड्यांचा भाऊ, पण आपला सोऱ्या इथे चालत नाही. पीठ सैल असल्याने दट्ट्याच्या कडेने वर येतं. श्पेट्झले वर तरंगले की झाऱ्याने काढायचे. बिघडतं ते तीनच कारणांनी. पीठ पातळ झालं तर पाण्यात विरघळून पेज होते. नीट फेटलं नाही तर तुकडे पडतात. पाणी खळखळत असेल तर कडा फाटतात.

त्यात किसलेलं चीज आणि तळलेला कांदा घातला की केझेश्पेट्झले. चौघांसाठी २५० ग्रॅम चीज, थर देत रचायचं, ओव्हनमध्ये १६० अंशांवर दहा मिनिटं. कांद्याला घाई चालत नाही, लोण्यात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, बिर्याणीच्या बरिस्त्याच्या रंगावर येईपर्यंत. श्वाबेनमधल्या बहुतेक खाणावळींत हा पदार्थ असतो, म्हणजे बायकोचं जेवण कुठेही अडत नाही. फक्त चीजबद्दल खाली जे लिहिलंय ते वाचा.

दुसरा पदार्थ मराठी माणसाला लगेच ओळखीचा वाटतो: लिन्झन मिट श्पेट्झले, म्हणजे मसूर आणि श्पेट्झले. सांगली-कराडकडचा अख्खा मसूर डोळ्यासमोर आणा, त्यातून तिखट काढा आणि व्हिनेगर घाला. श्वेबिशे आल्ब या डोंगराळ, खडकाळ पठारावर मसूर पूर्वी भरपूर पिकायचा. मग पीक बंद पडलं, स्थानिक वाणही नाहीसं झालं. २००६ साली ते वाण सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव बियाणे-संग्रहात सापडलं, आणि तिथून आणून पुन्हा पेरलं गेलं. ‘आल्ब-लाइझा’ या नावाने तो मसूर मिळतो. महाग आहे, पण शिजून फुटत नाही.

कृती: २५० ग्रॅम मसूर, भिजवायची गरज नाही. चमचाभर मैदा लोण्यात तपकिरी होईस्तोवर भाजायचा, त्यात बारीक चिरलेला कांदा, गाजर, सेलरीचा कंद, लीक. (ही भाजी ‘झुप्पनग्र्यून’ नावाची जुडी बांधून एकत्रच मिळते.) मसूर, तेजपत्ता, पाऊण ते एक लिटर पाणी किंवा भाजीचा स्टॉक. ३०-४० मिनिटं. व्हिनेगर दोन-तीन चमचे, पण मसूर मऊ झाल्यावरच. आधी घातलं तर दाणा टणक राहतो. आपण डाळ शिजल्यावरच चिंच घालतो, त्याचं कारण हेच. खाणावळीत मात्र हा पदार्थ बायकोसाठी मागवू नका. वर ठेवलेली सॉसेजेस बाजूला काढता येतात, पण फोडणीतच बहुतेक वेळा डुकराची खारवलेली चरबी असते, ती काढता येत नाही.

आणि खरी अडचण हीच. जर्मनीत मांसाची भीती नाही, ते डोळ्यांना दिसतं. अडवतात ते न दिसणारे तीन शब्द: श्पेक, ब्र्यूए, श्माल्ट्स.

श्पेक म्हणजे खारवून धुरावलेला डुकराच्या चरबीचा भाग. बटाट्याच्या परतलेल्या काचऱ्या, घेवडा, झाउअरक्राउट (आंबवलेला कोबी), लाल कोबी, कांद्याचा केक, सगळीकडे चवीपुरता पडतो. ‘मांस नको’ म्हटलं तर जुन्या वळणाच्या खाणावळीत ‘नाही हो, फक्त श्पेक आहे’ असं प्रामाणिक उत्तर मिळतं. त्यात लबाडी नसते, फ्लाइश (मांस) या शब्दाने त्यांच्या डोळ्यासमोर मांसाचा तुकडाच येतो.

ब्र्यूए म्हणजे स्टॉक, आणि श्वाबेनमध्ये तो बीफचा. फ्लेडलेझुप्पे हे त्याचं नमुनेदार उदाहरण. सुपात धिरड्याच्या बारीक पट्ट्या, वर चिरलेली पात, निरागस दिसतं सगळं. पाणी मात्र हाडांचं. तुमच्या दोघांनाही ते चालणार नाही. श्वाबेनचा बटाट्याचा सॅलडही याच रांगेतला. उत्तरेत तो मेयोनेझ घालून करतात, इथे गरम स्टॉक ओतून. घरी भाजीचा स्टॉक वापरून उत्तम होतो: एक किलो बटाटे उकडून गरम असतानाच सोलायचे आणि पातळ काप करायचे, त्यावर २५० मिली कडक गरम स्टॉक, तीन-चार चमचे व्हिनेगर, मोहरीची पेस्ट, बारीक कांदा. पंधरा मिनिटं मुरू द्यायचं आणि तेल सगळ्यात शेवटी. तेल आधी घातलं तर कापांवर थर बसतो आणि स्टॉक आत शिरत नाही.

श्माल्ट्स या शब्दात तर सरळ खड्डाच आहे. ‘बुटरश्माल्ट्स’ म्हणजे आपलं साजूक तूप, जवळपास तेच. नुसतं ‘श्माल्ट्स’ किंवा ‘श्वाइनेश्माल्ट्स’ म्हणजे डुकराची चरबी. दुकानात दोन्ही एकाच फळीवर, सारख्याच आकाराच्या पाकिटात असू शकतात. ब्रेत्सेलच्या (वेटोळ्या आकाराच्या खारट पावाच्या) पिठातही काही बेकरीवाले डुकराचं श्माल्ट्स घालतात, श्वाबेनमध्ये विशेषतः, तेव्हा घराजवळच्या बेकरीत एकदा विचारून ठेवा: ‘इस्ट दा श्माल्ट्स द्रिन?’ नसेल तर लोणी लावलेला बुटरब्रेत्सेल हा मुलाच्या डब्याचा प्रश्नच मिटवतो.

खाणावळीत बायकोने म्हणायचं वाक्य असं: ‘इश एस्से काइन फ्लाइश, काइनेन श्पेक उंड काइने फ्लाइशब्र्यूए.’ नुसतं ‘व्हेगेटारिश’ मोठ्या शहरात पुरतं, खेड्यातल्या गास्टहाउसमध्ये पुरत नाही.

चीज घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, त्याला इथे ‘लाब’ म्हणतात. बेर्गकेझे, पारमेजान यांत ते नेहमीचंच. ‘मिक्रोबिएलेस लाब’ असेल तर शाकाहारी. पण साध्या चीजवर घटकांची यादी छापणं सक्तीचं नाही, त्यामुळे पाकीट चाळून उत्तर मिळेलच असं नाही. पिवळं ‘व्ही’ चिन्ह बघणं हा सरळ मार्ग. दही, मूस, क्रीमचा केक, मुलांच्या गोळ्या यांत ‘गेलाटिने’ आहे का तेवढं बघायचं, असल्यास ती यादीत लिहावीच लागते.

तुमच्या बीफचं गणित वेगळं. ‘रिंड’ म्हणजे गाय-बैल, ‘काल्ब’ म्हणजे वासरू, ‘श्वाइन’ डुक्कर, ‘हेन्शन’ कोंबडी, ‘पुटे’ टर्की. ‘वीनर श्निट्सेल’ नाव असेल तर ते वासराचंच असतं. ‘श्निट्सेल वीनर आर्ट’ बहुतेक डुकराचं. एका शब्दाचा फरक, नीट वाचा. खिम्यावर ‘गेमिश्ट’ लिहिलेलं असेल तर त्यात डुक्कर आणि बीफ दोन्ही. म्हणून माउलटाशन (पालक-खिम्याचं सारण भरलेली चौकोनी पाकिटं, श्वाबेनची शान) आणि खिम्याचे गोल कटलेट तुमच्या उपयोगाचे नाहीत. त्या कटलेटला हॅम्बुर्गात फ्रिकाडेले म्हणतात, स्टुटगार्टात फ्लाइशक्युश्ले, बर्लिनमध्ये बुलेटे, म्युनिकमध्ये फ्लाइशफ्लांत्सर्ल. पदार्थ एक, नावं चार, म्हणजे एका गावात शिकलेला शब्द पुढच्या गावात कामाचा नाही. कोंबडीच्या म्हणून मिळणाऱ्या सॉसेजमध्ये डुकराची चरबी असू शकते, तुम्हाला चालेल, पण कोणाला वाढताना लक्षात ठेवा. भाजी भरलेले माउलटाशन सुपरमार्केटच्या फ्रिजमध्ये मिळतात. ते घरी लोण्यात परतून खायचे. खाणावळीत ते ‘इन देअर ब्र्यूए’ आले की पुन्हा बीफच्या पाण्यात.

नावांच्या फसवणुकीचा विषय निघालाच आहे तर: लेबरकेझे हे चीज नाही, तो भाजलेला मांसाचा पाव आहे. उलट कोलोनमध्ये ‘हाल्वर हान’, म्हणजे शब्दशः अर्धा कोंबडा, मागवलात तर राय नावाच्या धान्याचा पाव, चीज आणि मोहरी येते. भाषांतराचं अ‍ॅप दोन्हीकडे तोंडघशी पाडतं.

हॅम्बुर्ग वेगळंच जग. तिथे तुम्हाला मजा, बायकोला कष्ट. पारंपरिक जेवण मासे, कोबी, बटाटा आणि धुरावलेलं डुक्कर. फिशब्र्योटशन म्हणजे पावात मासा, बंदराजवळ टपरीवर मिळतो. पण कुठला मासा ते कळायला हवं. ‘बाकफिश’ तळलेला, पहिल्यांदा तोच घ्या. ‘बिस्मार्कहेरिंग’ व्हिनेगरमध्ये मुरवलेला. ‘मात्येस’ म्हणजे अंडी धरण्याआधी पकडलेला कोवळा हेरिंग, मिठात मुरलेला, शिजवलेला नाही. मऊ, तेलकट, लोण्यासारखा. हेरिंग आपल्या तारलीच्या कुळातला, पण कच्चा मासा म्हटलं की कोकणी माणूस मागे सरतो. बरोबर कच्चा कांदा घेऊन खाल्ला तर तो पहिला घास सोपा जातो. बांगड्यासारखा माक्रेले बहुतेक धुरावलेलाच मिळतो. त्याचं कालवण करू नका, धुराची चव नारळाला मारून टाकते. गरम भाताबरोबर तो तसाच कुस्करून, कांदा-लिंबू घालून सुकटीसारखा खाल्ला तर मस्त लागतो.

लाब्सकाउस हे खारवलेलं बीफ, बटाटा आणि बीट एकत्र कुटलेलं गुलाबी प्रकरण, वर तळलेलं अंडं. परदेशी लोक बहुधा फोटो बघूनच नाही म्हणतात. बीफ असल्याने तुमची सुटका आहे.

हिवाळ्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उत्तरेकडे ग्र्यूनकोल. कुरळ्या पानांची गडद हिरवी भाजी, थंडी खाल्ली की पानांत साखर वाढते, म्हणून पहिल्या हिमानंतरची चांगली मानतात. ती चरबीत तासभर शिजवतात आणि वर सॉसेज. बाटलीतली वा फ्रोझन भाजीसुद्धा अनेकदा आधीच श्माल्ट्स घातलेली असते. घरी करायची तर एक किलो पानं देठं काढून उकळत्या पाण्यातून काढा, तेलात दोन कांदे परतून त्यात घाला, मोहरीची पेस्ट, मीठ, दोन चमचे ओट्स घट्टपणासाठी, ४५ मिनिटं झाकून. धुराची चव हवी म्हणून २०० ग्रॅम धुरावलेला टोफू परतून वर. त्याशिवाय ही भाजी सपक लागते, हे मी मान्य करतो.

वेळांबद्दल कोणी आधी सांगत नाही, आणि त्रास त्याचाच जास्त होतो. ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवण साडेअकरापासून, एकपर्यंत बरंचसं संपलेलं. गावाकडच्या खाणावळी दुपारी दोन ते साडेपाच बंद, आणि रात्री नऊनंतर स्वयंपाकघर बंद होणं सामान्य. रविवारी दुकानं बंद, म्हणजे शनिवारी भाजी आणलीच पाहिजे. रात्रीचं जेवण अनेक घरांत थंड असतं: पाव, लोणी, चीज, काकडी. त्याचं नावच आबेंडब्रोट, संध्याकाळचा पाव. कोणी संध्याकाळी घरी बोलावलं आणि पावच पुढे आला तर पाहुणचारात कसर केली असं समजू नका. पाणी मागितलं तर बुडबुड्यांचं येतं, साधं हवं तर ‘श्टिलेस वास्सर’ म्हणा, आणि त्याचेही पैसे पडतात.

पाव हा खरं तर स्वतंत्र विषय. राय या धान्याच्या (मोहरीच्या राईचा इथे संबंध नाही) पिठात गव्हासारखी ताण धरणारी जाळी होत नाही, आणि त्यातली विकरं (एन्झाइम) भाजताना स्टार्च मोडून गर चिकट करतात. आंबवण घातलं की आम्लामुळे ती विकरं मंदावतात. म्हणून रायचा पाव आंबटच असतो, तो बिघडलेला नसतो. सुरुवातीला ‘मिश्ब्रोट’ (गहू-राय मिश्र) घ्या, ‘आइन हाल्बेस, गेश्निटन’ म्हटलं की अर्धा, कापून देतात. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे तो सगळ्यात लवकर शिळा पडतो. डब्यात ठेवा किंवा काप करून फ्रीझरमध्ये.

बटाटा घेताना पिशवीवरचा शब्द बघा. ‘फेस्टकोखेंड’ चिवट राहतो, भाजीला आणि वरच्या सॅलडला. ‘मेलिशकोखेंड’ पिठूळ, बटाटेवड्याला. उलटं केलंत तर वड्याचं सारण डिंकासारखं चिकट होतं.

एप्रिलच्या मध्यापासून २४ जूनपर्यंत सगळा देश श्पार्गेलच्या, म्हणजे पांढऱ्या शतावरीच्या, मागे लागतो. माणशी अर्धा किलो, शेंड्याखालून बुडाकडे सोलायची, बुडाचे एक-दोन सेंटिमीटर कापायचे, मीठ-साखर-लोण्याच्या पाण्यात १०-१५ मिनिटं. दोन कांड्या एकमेकींवर घासल्या की करकर वाजल्या तर ताज्या. बायकोसाठी ‘ओहने शिंकन’, हॅमशिवाय. सोलताना कंजुषी केली तर दोरे दातात अडकतात आणि मग लोक म्हणतात, शतावरीत काय ठेवलंय.

फिरायला म्युनिकला गेलात तर बव्हेरियाच्या बिअरगार्टनमध्ये स्वतःचा डबा न्यायला परवानगी आहे, पेय मात्र तिथलंच घ्यायचं. टेबलक्लॉथ नसलेल्या टेबलावर बसा. पोळी-भाजी उघडली तरी कोणी वळून बघत नाही. पूर्वेला, लाउझिट्सकडे गेलात तर उकडलेले बटाटे, क्वार्क (चक्क्यासारखं ताजं चीज) आणि जवसाचं तेल नक्की खा. विदर्भातल्या घरी जवस खाल्लेल्याला ती चव परकी वाटणार नाही. ते तेल घरी आणाल तर २५० मिलीचीच बाटली, फ्रिजमध्ये ठेवा, तापवू नका, काही आठवड्यांत संपवा. जुनं झालं की कडू होतं.

तर बायकोच्या जेवणाच्या बाजूने विचाराल तर स्टुटगार्ट, तुमच्या जिभेच्या बाजूने हॅम्बुर्ग. मुलाचं जेवण दोन्हीकडे शाळेच्या नोंदणीच्या वेळीच लिहून द्या. ‘डुक्कर नको’ हा पर्याय अनेक ठिकाणी तयार असतो, ‘बीफ नको’ हा सहसा नसतो, म्हणून शाकाहारी लिहिणं सुटसुटीत.

आणि आता बॅग. सुके मसाले, गोडा मसाला, लाल तिखट, हिंग, कोकम आणा. एका कुटुंबाला तीन-चार किलो पुष्कळ झाले, बाकी डाळी-पीठ भारतीय आणि तुर्की दुकानांत मिळतं. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपबाहेरून आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, खवा विमानतळावरच जाईल. ताजा कढीपत्ताही प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाही. तुपाला बुटरश्माल्ट्स आहेच. चक्क्याला क्वार्क: ४० टक्के लिहिलेला घ्या (तो आकडा पाणी वगळून उरलेल्या भागातल्या स्निग्धांशाचा, प्रत्यक्षात सुमारे ११ टक्के), ‘मागर’ (स्निग्धांश जवळपास काढलेला) घेऊ नका, त्याचं श्रीखंड कोरडं आणि पिठूळ होतं. ५०० ग्रॅम फडक्यात बांधून फ्रिजमध्ये तीन-चार तास टांगा, खाली वाटी ठेवा, मग २०० ग्रॅम पिठीसाखर, वेलदोडा, केशर. पुरणयंत्रातून काढायची गरज नाही. साखर घातल्यावर ते आधी सैल होतं, घाबरू नका, दोन तास गार केलं की पुन्हा घट्ट बसतं.